शहर वाढणं थांबलं तर ते चालवायचं कशावर?

कौलारू

२००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्रातल्या तीन जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग ही दोन नावं कुणालाही सुचतील. तिसरा जिल्हा मुंबई शहर, म्हणजे कुलाब्यापासून सायन-माहीमपर्यंतचं बेट. ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजार. आणि याच काळात परळ, लोअर परळ, वरळी, भायखळा इथे टॉवर उभे राहत होते. माणसं कमी झाली, मजले वाढले.

मी परळची. घरातल्या दोन पिढ्या गिरणीत होत्या. १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा त्या जमिनीचं काय करायचं याचं एक उत्तर सरकारकडे होतं. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८वा नियम होता: गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, उरलेला मालकाला. १९९६ साली वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने सगळ्या गिरण्यांच्या जमिनीचा एकत्र विचार करून बागा, चालायचे रस्ते, घरं असं चित्र मांडलं. मग २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी पूर्ण जमिनीची नाही, फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीची. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. सुमारे ६०० एकरांतून लोकांच्या वाट्याला तुकडे आले. गिरणी कामगारांना आता मुंबईबाहेर लांब शेलू-वांगणीत घरं घ्या असं सांगितलं जातं.

हे सगळं लोभापोटी झालं, एवढं म्हणून मला थांबता येत नाही. आपल्या शहरांची घडीच अशी बसली आहे की वर काही विकल्याशिवाय खाली काही दुरुस्त होत नाही. बीडीडी चाळींचं बघा. १९२०च्या दशकात सरकारी खात्याने कामगारांसाठी बांधलेल्या चाळी, १६० चौरस फुटांच्या खोल्या. पुनर्विकासात तिथल्या कुटुंबाला ५०० चौरस फुटांचं घर फुकट मिळतं. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या तेव्हा मला मनापासून आनंद झाला. शंभर वर्षं सामायिक संडासासमोर रांग लावलेल्या बायकांना दाराआड नळ मिळाला, याला मी कधीही वाईट म्हणणार नाही. पण हा पैसा येतो त्याच जमिनीवर विक्रीसाठी बांधलेल्या टॉवरमधून. झोपडपट्टी पुनर्वसनाचं गणितही हेच. १९९५ साली पाच वर्षांत ४० लाख लोकांना म्हणजे ८ लाख कुटुंबांना मोफत घरं देऊ असं सांगितलं होतं. तीस वर्षांनी त्याच्या निम्म्यापर्यंतही पोचलो नाही, कारण जिथे वरचं घर महाग विकलं जातं तिथेच योजना हलते. मानखुर्दची झोपडी वांद्र्याच्या झोपडीपेक्षा कमी गळते म्हणून मागे राहत नाही. तिच्या डोक्यावरचा मजला स्वस्त विकला जातो म्हणून मागे राहते.

पालिकेचंही तसंच. जुलै २०१७ मध्ये जकात गेली. २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला. हक्काचं उत्पन्न आटत गेलं आणि एफएसआयच्या प्रीमियमवर (जादा बांधकामाच्या परवानगीसाठी बिल्डर भरतो त्या रकमेवर), विकास शुल्कावर भिस्त वाढली. कोविडच्या काळात बाजार थंडावला तेव्हा राज्य सरकारने पहिला उपाय काय केला, तर २०२१ सालापुरता प्रीमियम निम्मा केला. बांधकाम थांबलं की शहराची चूल थांबते, हे तेव्हा उघड दिसलं.

मला विचारायचं आहे ते असं. लोकसंख्या, मजले, जमिनीचा भाव यातलं काहीही वाढणार नाही असं धरून शहराचा आराखडा करायचा झाला, तर तो कसा असेल? जिना कोण दुरुस्त करेल, नळाचे पैसे कुठून येतील, नव्याने येणाऱ्याला घर कसं मिळेल? कुणी असं शहर पाहिलं असेल, वाचलं असेल किंवा नुसतं मनात रंगवलं असेल, तर सविस्तर लिहा.

वाचनमात्र

मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या घटली हे माहीतच नव्हतं. वाचते आहे.

अकरामहिने

धागा चांगला आहे, पण विरोध नोंदवतो. मी लातूर जिल्ह्यातला. आमच्याकडे सोयाबीनचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पुण्यात आलो, नोकरी लागली, म्हणून घरी पैसे जातात आणि बहीण शिकते आहे. मी राहतो ते भाड्याचं घर, दर अकरा महिन्यांनी नवा करार, दर वेळी भाडं वाढवून आणि दलालाला पुन्हा एक महिन्याचं भाडं देऊन. ‘आता वाढ पुरे’ हे ज्याच्या नावावर फ्लॅट आहे त्याला म्हणता येतं. माझ्यासारख्याला त्याचा अर्थ एवढाच लागतो की तुम्ही आत बसलात, आता दार लावा.

टॉवर बांधून घर स्वस्त होत नाही हे मान्य. पण न बांधून कसं होईल तेही सांगा.

कौलारू

@अकरामहिने, तुमचा मुद्दा टाळून हा धागा पुढे जाऊच शकत नाही, म्हणून आधी त्याबद्दल. माणसं येणं थांबवावं असं मी म्हणत नाही. येणाऱ्याला जागा नाही हेच मला खुपतं. २०१७-१८च्या आर्थिक पाहणीत २०११च्या जनगणनेचा हवाला देऊन म्हटलं होतं की मुंबईत सुमारे ४.८ लाख घरं रिकामी आहेत, देशातल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त. घरं बांधली जातात, पण त्यांतली बरीचशी पैसा ठेवायला. भाव वाढणार ही खात्री आहे म्हणून कुलूप लावून ठेवणं परवडतं. ती खात्री गेली तर रिकामं घर अंगावर पडेल आणि भाड्याला निघेल. वाढीची गरज तुम्हाला आहे ती नोकरीत, शिक्षणात. जमिनीच्या भावात वाढ झाली की तुमचाच पगार घरमालकाकडे जातो.

डॅन्यूबकाठ

व्हिएन्नात राहते, शहराच्या मालकीच्या घरात. इथल्या भाषेत गेमाइंडेबाउ. थोडं लिहिते, कारण इथली सुरुवात वाढीच्या काळातली नाही, हे बाहेर फारसं सांगितलं जात नाही.

पहिल्या महायुद्धानंतर साम्राज्य गेलं, व्हिएन्ना एका छोट्या गरीब देशाची मोठी राजधानी उरली, लोकसंख्या घटली. खाजगी बांधकाम जवळपास बंद. जमिनीचे भाव पडलेले, म्हणून शहराने जमीन विकत घेतली. १९२३ मध्ये हुगो ब्राइटनर या शहराच्या अर्थप्रमुखाने घरकर लावला. साध्या घराला नाममात्र, आलिशान घराला भरमसाट. नोकरचाकर ठेवण्यावर कर, शॅम्पेनवर कर. त्या पैशातून १९३४ पर्यंत ६० हजारांहून जास्त घरं बांधली. कर्ज काढून नाही, करातून. त्यामुळे भाड्यातून फक्त देखभालीचा खर्च निघाला तरी पुरे होतं. कार्ल-मार्क्स-होफ १९३० मध्ये पुरा झाला, एक किलोमीटरहून लांब, १,३८२ घरं. जमिनीचा पाचवा हिस्सासुद्धा बांधकामाखाली नाही, बाकी सगळी अंगणं आणि झाडं. सामायिक धुलाईघर, बालवाडी, ग्रंथालय.

आज शहराची स्वतःची सुमारे २ लाख २० हजार घरं आहेत. माझा करार बेमुदत आहे. @अकरामहिने, हे मुद्दाम तुमच्यासाठी लिहिते. माझ्या जिन्यात निवृत्त बसचालक आहेत आणि विद्यापीठात शिकवणाऱ्या बाई आहेत. दोघांनाही पुढच्या वर्षी घर सोडावं लागेल ही भीती नाही. आणि २०१८च्या शेवटी नियम झाला की मोठी जमीन नव्याने निवासी करायची असेल तर दोन तृतीयांश घरं अनुदानित हवीत आणि त्या भागासाठी जमिनीचा भाव बांधकामाच्या दर चौरस मीटरला १८८ युरोच्या वर जाता कामा नये.

सगळं छान नाही. नवीन स्थलांतरिताला शहराचं घर मिळायला आधी ठरावीक काळ व्हिएन्नात काढावा लागतो. तोवर खाजगी बाजारातच राहावं लागतं आणि तिथली भाडी चढी आहेत. दार थोडं लावलेलं इथेही आहेच.

मेखला

व्हिएन्नाचं उदाहरण देताना त्यांचं दरडोई उत्पन्नही लक्षात घ्या.

डॅन्यूबकाठ

@मेखला, आजचं उत्पन्न मोठं आहे हे खरं. १९२३चं नव्हतं. महागाईने चलन नुकतंच कोसळलं होतं आणि शहरात क्षयाची साथ होती.

भातसाकाठ

शहापूर तालुक्यातून लिहितो. मुंबईला पाणी देणारे तानसा, भातसा आणि मोडकसागर आमच्याच भागात. आणि दर उन्हाळ्यात आमच्याच तालुक्यातल्या पाड्यांना टँकर लागतो. जलवाहिनी वस्तीला लागून जाते, नळ मात्र नाही. रस्त्यालगत त्या वाहिनीवर चालताना आतलं पाणी ऐकू येतं, आणि बाया तिच्याच बाजूने हंडे घेऊन उतरतात.

मुंबईचा आराखडा करताना आम्हाला कुणी विचारत नाही, कारण आम्ही त्या नकाशात नाही. मजला वाढला की पाण्याची मागणी वाढते, मागणी वाढली की पुढचं धरण. आता गारगाई धरणाचं चाललं आहे, त्यात जंगल जाणार, गावं उठणार. वाढ थांबली तर शहर कसं चालेल हे विचारताना, वाढ चालू राहिली तर आम्ही कसं जगायचं हेही लिहा. माझ्या मनातल्या आराखड्यात पहिली अट हीच असेल की धरणाच्या गावाला आधी नळ. त्यानंतर शहराने आपलं सांडपाणी शुद्ध करून वापरावं, गळती थांबवावी आणि तेवढ्यात भागेल एवढंच बांधावं.

टेकडीवाला

पुण्याचं बीडीपी प्रकरण इथे नेमकं बसतं. १९९७ मध्ये २३ गावं पालिकेत आली, त्यांच्या टेकड्यांवरचं सुमारे ९७८ हेक्टर क्षेत्र जैवविविधता उद्यान (बीडीपी) म्हणून राखायचं ठरलं. लोकांनी वर्षानुवर्षं लढून ते टिकवलं, २०१५ मध्ये राज्याने आरक्षणावर शिक्कामोर्तब केलं. पण जमीनमालकांना द्यायला पैसा नाही. म्हणून मोबदला काय, तर ८ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे बांधकाम करायचा, विकता येणारा हक्क.

म्हणजे टेकडी वाचवायची तर खाली सिंहगड रोडला किंवा औंधला मजले चढवायचे. कौलारूताईंनी वर जे लिहिलंय ते हेच. हिरवी टेकडीसुद्धा आपण बांधकामाच्या चलनातच विकत घेतो. मालकाला तो मोबदला अपुरा वाटतो, म्हणून जमीन ताब्यात येत नाही, दरम्यान पायथ्याशी पत्र्याच्या शेड वाढतात. वेताळ टेकडीवर सकाळी येणाऱ्या हजारो माणसांना टेकडीची किंमत पक्की ठाऊक आहे. पालिकेच्या अंदाजपत्रकात तिला भाव येतो तो मात्र तिच्यावरून रस्ता न्यायचा ठरल्यावरच.

सासष्टी

गोव्याचं थोडक्यात. २०११ सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा आला तेव्हा गोवा बचाव अभियान उभं राहिलं आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. त्यानंतरच्या २०२१च्या आराखड्यासाठी नकाशे गावोगावी ग्रामसभांपुढे नेले. शेत कुठलं, खाजन (खाडीकाठची बांध घातलेली जमीन) कुठलं, डोंगर कुठला हे लोकांनी स्वतः दाखवलं. माझ्या माहितीत लोकांनी शहर-गावाची कल्पना करायला एवढ्या मोठ्या प्रमाणावर बसल्याचं दुसरं उदाहरण जवळपास नाही. पुढे नगरनियोजन कायद्यात १७(२), ३९अ अशी कलमं घालून एकेका भूखंडाचा झोन बदलायची वाट करून दिली. आराखडा लोकांचा, दुरुस्ती मंत्रालयाची. कल्पना करून भागत नाही, ती राखायला रोज माणसं लागतात.

होक्काइदो

वाढ थांबल्यावर काय होतं ते जवळून बघतो आहे, म्हणून लिहितो. युबारी हे जपानमधल्या होक्काइदोतलं कोळशाचं गाव. १९६०च्या सुमारास लाखाच्या वर वस्ती, आज सात हजारांच्या आत. खाणी बंद पडत गेल्या, शेवटची १९९० मध्ये. नगरपालिकेने काय केलं, तर पर्यटनाने वाढ परत आणू म्हणून करमणूक उद्यान, हॉटेल, बर्फावरचे खेळ यांवर कर्ज काढलं. २००७ मध्ये पालिका आर्थिकदृष्ट्या कोसळली, कर्ज ३५ अब्ज येनच्या वर. मग शाळा एकत्र केल्या, ग्रंथालय बंद, पालिकेचे कर्मचारी निम्म्याहून कमी, पगार कापलेले.

माझं मत स्पष्ट आहे. युबारी आक्रसण्याने बुडालं नाही, आक्रसतो आहोत हे न मानल्याने बुडालं. मान्य केल्यावर जे केलं ते शहाणपणाचं आहे. दूरदूर विखुरलेल्या, अर्ध्या रिकाम्या सार्वजनिक घरांतल्या लोकांना जवळजवळच्या घरांत आणणं, म्हणजे बर्फ कमी रस्त्यांवरचा काढावा लागतो आणि पाण्याची वाहिनी छोटी होते. २०१९ मध्ये रेल्वेचा फाटा बंद करायला स्वतःहून संमती दिली आणि बदल्यात बससेवा बांधून घेतली. हे काम वीस वर्षं आधी सुरू झालं असतं तर म्हाताऱ्यांचे हाल टळले असते.

दापोलीकर

हे आमच्याकडे चालूच आहे, फक्त त्याला कुणी नियोजन म्हणत नाही. वाडीत चार घरांना कुलूप, पाचव्यात आजी. गणपतीला सगळे येतात तेव्हा पाणी पुरत नाही, एरवी पंचायतीची घरपट्टी गोळा होत नाही. शाळेत पटसंख्या नाही म्हणून शाळा जाणार, शाळा गेली की उरलेलं तरुण कुटुंबही जाणार. होक्काइदो म्हणतात तसं आधी मान्य करून आखणी करायची तर कोकणापासूनच सुरुवात व्हायला हवी. पण आमच्याकडे येतात ते फक्त महामार्ग, रिफायनरी आणि प्लॉटिंगच्या जाहिराती.

राजवाडा

इंदूरहून. मराठी घर, तीन पिढ्या इथेच. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस हे नाव इथे यायलाच हवं. १९१४ मध्ये भारतात आले, ठाणे-वांद्र्यावरही त्यांनी अहवाल लिहिले, १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग त्यांनी सुरू केला. तेव्हाचे अभियंते प्लेगच्या नावाने जुन्या वस्त्यांतून सरळ रुंद रस्ते काढत होते. गेडिस गल्लीगल्लीतून पायी फिरत, कुठलं घर खरंच पडायला आलंय तेवढंच काढा म्हणत, बाकीचं दुरुस्त करा, विहीर साफ करा, मोकळ्या कोपऱ्यात झाड लावा.

होळकरांच्या इंदुरात त्यांनी केलेला प्रयोग आमच्याकडे अजून सांगितला जातो. प्लेगचे दिवस. दिवाळीच्या मिरवणुकीचा मार्ग नेहमी ठरलेला असे. त्यांनी जाहीर केलं की या वर्षी मिरवणूक त्याच रस्त्यांवरून जाईल जिथे लोकांनी घरं सर्वांत जास्त स्वच्छ आणि दुरुस्त केली असतील. गाड्याच्या गाड्या भरून कचरा निघाला, घरांना रंग लागले. कुठलाही मजला विकावा लागला नाही. शहरात पैसा नसतानाही किती हात असतात, हे त्या माणसाने मोजलं होतं.

सोसायटीचा_सेक्रेटरी

मुलुंडला आमची ३८ वर्षांची इमारत. मी खालच्या पातळीवरचं सांगतो. आदर्श उपविधीत स्पष्ट आहे: बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दरवर्षी दुरुस्ती निधी, ०.२५ टक्के सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची साठवण. आमच्याकडे बांधकाम खर्च धरला आहे तो इमारत बांधली त्या सालचा. त्यामुळे एका फ्लॅटमागे महिन्याला जे जमतं त्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंगही होत नाही. वाढवायचं म्हटलं की सभेत एकच उत्तर: पुनर्विकास होणारच आहे, आता खर्च कशाला?

दहा वर्षं हेच चाललं आहे. पिलरचं काँक्रीट फुगून सळ्या दिसायला लागल्या आहेत. बिल्डर बघून गेले, आमच्या रस्त्याची रुंदी कमी म्हणून हवा तेवढा एफएसआय बसत नाही, प्रस्ताव पडून आहेत. स्ट्रक्चरल ऑडिटवाल्या इंजिनिअरने चक्क लिहून दिलंय की वेळेत दुरुस्ती केली तर इमारत आणखी पंचवीस वर्षं जाईल. तो कागद कुणाला नको आहे. त्यात जादा कार्पेट एरिया नाही, बिल्डरकडून मिळणारा रोख कॉर्पस नाही. पण तळमजल्यावरच्या आजींना फक्त छताचा गिलावा पडू नये एवढंच हवं आहे, आणि तेवढं मागणारा सभेत अल्पमतात असतो.

कौलारू

@सेक्रेटरी, मी जे दोन पानं लिहून सांगायचा प्रयत्न केला ते तुमच्या एका सभेत आहे.

सगळ्यांचं वाचून माझ्या मनात जे चित्र तयार होतंय ते लिहिते. २०६० सालचं परळ. आराखड्याचं पहिलं प्रकरण नव्या बांधकामाचं नाही, आहे त्याच्या देखभालीचं. कुठली इमारत किती वर्षांची, तिच्या दुरुस्तीला काय लागेल, पैसे कोण देणार, हे वॉर्डाच्या कचेरीत भिंतीवर लावलेलं. दुरुस्तीला कमी व्याजाचं कर्ज, जसं आज घर घ्यायला मिळतं तसं. गवंडी, प्लंबर, सुतार यांची वॉर्डाच्या पगारावरची तुकडी. नोकऱ्या कुठून येतील असं जे विचारतात त्यांना माझं उत्तर यात आहे. जुनं शहर राखायला नवं बांधण्यापेक्षा जास्त हात लागतात.

सार्वजनिक जमीन विकायची नाही. बेटावर आजही बंदर प्राधिकरणाची (पूर्वीच्या पोर्ट ट्रस्टची), कलेक्टरची, पालिकेची भाडेपट्ट्याची केवढी जमीन आहे. पट्टा संपला की ती नव्या बोलीला काढण्याऐवजी भाड्याच्या घरांना द्यायची, बेमुदत कराराने. जमिनीचा भाव स्टेशनमुळे, शाळेमुळे, शेजाऱ्यांमुळे वाढतो, मालकाने काही न करता. त्या वाढीवर दरवर्षी कर. कुलूपबंद घरावर जास्त. त्यातून पालिका चालावी, प्रीमियमवर नाही. टेकडीवाल्यांची टेकडी त्या पैशाने रोख विकत घ्यावी. आणि भातसाकाठ म्हणतात ती अट सगळ्यांच्या वर: पाणी जेवढं, शहर तेवढं, आणि धरणाच्या गावाला आधी नळ. शहापूरचा माणूस मुंबईच्या आराखड्यावर सहीला हवा.

यातली अवघड गोष्ट पैशाची नाही असं मला वाटू लागलंय. ज्यांनी आयुष्यभराची कमाई एका फ्लॅटमध्ये घातली, त्यांना त्याचा भाव वाढणार नाही हे कसं पेलवेल? म्हातारपणाची सोय त्यांच्यासाठी तो फ्लॅटच आहे. पेन्शन आणि दवाखाना नीट असल्याशिवाय कुणी ही आशा सोडणार नाही, आणि त्यांनी ती सोडावी असं म्हणायचा मला हक्कही नाही. म्हणजे नगररचनेच्या धाग्यावर आपण शेवटी पेन्शनपर्यंत येतो.

अकरामहिने

हे चित्र मला चालेल. एक शंका आहे. सेक्रेटरीसाहेबांच्या सभेत भाडेकरूला मत नाही. मी तीन सोसायट्यांमध्ये राहिलो, नोटीस बोर्डावर नाव कधी आलं नाही. हा २०६०चा आराखडा ठरवताना मी कुठे बसणार?

कौलारू

सोसायटीत नाही, खरं आहे. पण शहराच्या आराखड्यात आजच्या कायद्यानेही बसू शकता. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, कलम २६. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की ठरलेल्या मुदतीत कुणीही हरकत किंवा सूचना देऊ शकतो. मालकी लागत नाही, सातबारा लागत नाही. २०१५ मध्ये मुंबईचा प्रारूप आराखडा लोकांच्या हरकतींपुढे टिकला नाही, दोन महिन्यांत मागे घेऊन नव्याने करावा लागला. फक्त हरकत नेमकी लिहावी लागते: कुठला नकाशा, कुठला भूखंड, काय बदल हवा. ‘भाड्याच्या घरांसाठी आरक्षण’ अशी मागणी भाडेकरूंनी एकत्र येऊन केलेली मी अजून पाहिलेली नाही.

अकरामहिने

मसुदा लिहायला मदत कराल का? आमच्या पीजीत आणि शेजारच्या दोन इमारतींत मिळून बरीच मुलं आहेत, सह्या मी जमवतो.

सोसायटीचा_सेक्रेटरी

मी करतो. अर्ज लिहिण्यातच आयुष्य गेलं आहे. व्यक्तिगत निरोप पाहा.